वेबव्ह्यूच्या आत पत्ता बदलला, हे ॲपला कसं कळावं? : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

पुस्तकांच्या दुकानाचं ॲप. यादी, शोध, पुस्तकाचं पान हे सगळं नेटिव्ह, म्हणजे त्या त्या फोनसाठीच लिहिलेलं: अँड्रॉइडवर कोटलिन, आयफोनवर स्विफ्ट. खरेदीचा शेवटचा टप्पा मात्र दुकानाच्या वेबसाइटचाच आहे. घरचा पत्ता भरणं, पैसे देणं, 'ऑर्डर पूर्ण झाली' हे पान, सगळं ॲपच्या आत वेबव्ह्यू, म्हणजे ॲपमध्येच बसवलेला छोटा ब्राउझर, लावून दाखवतो. त्या वेबव्ह्यूत माणूस आत्ता कुठल्या पानावर आहे, म्हणजे त्या पानाचा वेब-पत्ता (यूआरएल) काय, एवढं ॲपला कळायला हवं. त्यावर वरची पट्टी बदलते, मागे जायचं बटण काय करणार ते ठरतं, आणि ऑर्डर झाली की ॲपमधली बास्केट रिकामी होते.

बास्केट रिकामी होत नाही, अशी तक्रार आली आहे. तीही सगळ्यांची नाही. ऑर्डर लागते, पुस्तकं घरी पोचतात, पण ॲपच्या कोपऱ्यात तोच आकडा तसाच. मग माणसाला वाटतं ऑर्डर लागलीच नाही, आणि तो पुन्हा तीच ऑर्डर करतो. दुकानात फोन घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "अहो, एकाच घरी तीच पुस्तकं दोनदा चालली आहेत. लोक चिडतात. त्यांचं यात काय चुकलं?" काहीच नाही. हे आपल्याकडचंच काम आहे.

संध्याकाळी ताईंनी पाठवलेल्या ऑर्डरी ओळीनं वाचल्या. दुबार लागलेल्या सगळ्या ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या. ऑनलाइन पैसे भरलेली त्यात एकही नाही. धागा सापडला.

४ फेब्रुवारी

कारण असं. ऑनलाइन पैसे भरताना माणूस आपल्या साइटवरून पेमेंट गेटवेच्या (पैसे घेणाऱ्या मधल्या सेवेच्या) साइटवर जातो, तिथून बँकेच्या पानावर, आणि पुन्हा आपल्याकडे येतो. प्रत्येक वेळी पान नव्यानं लोड होतं. अँड्रॉइडवर ॲप 'ऑन-पेज-फिनिश्ड' या कॉलबॅकवर (काही घडलं की ॲपला मिळणाऱ्या निरोपावर) टेकून आहे, आयफोनवर 'डिड-फिनिश'वर. पान लोड झालं की दोन्ही वाजतात.

कॅश ऑन डिलिव्हरीत आपली साइट सोडून कुठे जायचंच नसतं. साइट रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलेलं सिंगल पेज ॲप आहे: पान एकदाच लोड होतं, पुढचे बदल त्याच्याच आत. 'ऑर्डर करा' दाबलं की रूटर, म्हणजे साइटमधला पानं बदलणारा भाग, ब्राउझरचं 'हिस्टरी-पुशस्टेट' बोलावतो, पत्त्याच्या पट्टीतली ओळ बदलते, पडद्यावरचा मजकूर बदलतो, पण नवीन दस्तऐवज सर्व्हरकडून येत नाही. लोडच झालं नाही, तर लोड संपल्याचा निरोप कोण देणार? सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनला बाहेरून आत आलेला माणूस दिसतो. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस चौथ्या मजल्यावर गेला, तर त्याच्या वहीत नोंद होत नाही. आपण फक्त फाटकावरची वही वाचत होतो.

उपाय म्हणून लोक पहिल्यांदा सुचवतात तो अँड्रॉइडचा 'शुड-ओव्हरराइड-यूआरएल-लोडिंग'. इथे त्याचा उपयोग नाही. पुशस्टेटवर तो वाजत नाही. ॲपनं स्वतः 'लोड-यूआरएल' केलं तरी वाजत नाही. फॉर्म पोस्टनं गेलेल्या विनंतीवर वाजत नाही, हे तर अँड्रॉइडच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलं आहे, आणि आपला गेटवे परत येताना नेमका फॉर्म पोस्टच करतो. एखादी लिंक उघडायची की नाही हे ठरवण्याची ती जागा आहे. माणूस कुठे पोचला हे तिला विचारू नये.

६ फेब्रुवारी

आंतरजालावर याबद्दल इतकी उलटसुलट उत्तरं आहेत की स्वतः पाहिल्याशिवाय इलाज नव्हता. एक साधं चाचणी-पान केलं. नुसती बटणं: साधी लिंक, हॅशची (त्याच पानातल्या जागेवर नेणारी) लिंक, पुशस्टेट, रिप्लेसस्टेट (इतिहासात नवी नोंद न करता चालू नोंदच बदलणारं), फॉर्म पोस्ट, नवीन खिडकी, आयफ्रेममधली (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या चौकटीतली) लिंक, यूपीआयची लिंक. ॲपमध्ये झाडून सगळ्या कॉलबॅकना लॉग लावला, प्रत्येक ओळीवर वेळ आणि यूआरएल. शिवाय वेबव्ह्यूची आवृत्तीही लॉगमध्ये घेतली. अँड्रॉइड ५पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरवरून स्वतंत्रपणे अपडेट होतो, त्यामुळे एकच अँड्रॉइड असलेल्या दोन फोनांत दोन निराळे क्रोमियम, म्हणजे वेबव्ह्यूमागची ब्राउझर इंजिनं, असू शकतात.

अँड्रॉइडचा निकाल.

साधी लिंक: शुड-ओव्हरराइड, मग 'ऑन-पेज-स्टार्टेड', मग 'डू-अपडेट-व्हिजिटेड-हिस्टरी', शेवटी ऑन-पेज-फिनिश्ड. अपेक्षेप्रमाणे.

हॅशची लिंक: ऑन-पेज-फिनिश्ड आलं, पण त्याच्या जोडीचं ऑन-पेज-स्टार्टेड नाही. लोडिंगचं चक्र स्टार्टेडवर दाखवून फिनिश्डवर लपवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दोन्ही जोडीनंच येतात असं धरून मोजणी ठेवली, तर ती इथे चुकते.

पुशस्टेट: एकच ओळ. डू-अपडेट-व्हिजिटेड-हिस्टरी. बाकी सगळं गप्प.

रिप्लेसस्टेट: तेच.

आयफ्रेममधली लिंक: मुख्य चौकटीचे कॉलबॅक शांत, आणि ते बरोबरच आहे. माणसाच्या दृष्टीनं तो त्याच पानावर आहे.

म्हणजे अँड्रॉइडवर हवा तो दरवाजा पहिल्यापासून होता. 'आधी पाहिलेल्या लिंकांची यादी अद्ययावत करा' हे सांगण्यासाठी तो ठेवलेला आहे. त्यामुळे यूआरएलचा बदल शोधणारा माणूस दस्तऐवज वाचताना तिथे थांबत नाही. मुख्य चौकटीत कुठलंही नेव्हिगेशन पक्कं झालं की तो वाजतो, मग ते पूर्ण लोड असो की पानातल्या पानात. सोबत 'रीलोड आहे का' हेही सांगतो.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. आपला रूटर स्क्रोल कुठवर आलं होतं हे लक्षात ठेवायला रिप्लेसस्टेट वापरतो. यूआरएल तोच, आतली स्थिती फक्त बदललेली. कॉलबॅक तरीही येतो. म्हणून मागचा यूआरएल हाताशी ठेवायचा आणि खरोखर वेगळा असेल तरच पुढे कळवायचं.

७ फेब्रुवारी

आज आयफोन. आयओएस बघणारी सहकारी आणि मी एकाच टेबलावर, तेच चाचणी-पान.

डब्ल्यूके-वेबव्ह्यू, म्हणजे आयफोनचा वेबव्ह्यू. त्याचे डेलिगेट, म्हणजे तिथले कॉलबॅक, पुशस्टेटवर तसेच गप्प. धोरण विचारणारा 'डिसाइड-पॉलिसी' येत नाही, नव्या पानाचा मजकूर येऊ लागल्याचं सांगणारा 'डिड-कमिट' नाही, 'डिड-फिनिश' नाही. पण वेबव्ह्यूचा 'यूआरएल' हा गुणधर्म केव्हीओनं, म्हणजे की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंगनं पाहता येतो, आणि तो पुशस्टेटला इमानदारीनं बदलतो. स्विफ्टमध्ये एका ओळीचं काम. त्या ओळीतून मिळणारं टोकन वर्गात जपून ठेवायला हवं, ते सुटलं की निरीक्षण तिथेच बंद पडतं.

हे मिळाल्यावर काम संपलं असं वाटू शकतं, पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चाचणीचा सर्व्हर मुद्दाम मंद केला आणि एक लिंक दाबली. पडद्यावर जुनंच पान आहे, सर्व्हरकडून एक बाइटही आलेली नाही, आणि केव्हीओनं नवा यूआरएल कळवूनही टाकला. मग लोड मधेच थांबवलं. केव्हीओ पुन्हा वाजला, यूआरएल जुन्या जागी परत. डब्ल्यूके-वेबव्ह्यू लोड चालू असताना होऊ घातलेला यूआरएल दाखवतो. पोचल्याचा नव्हे, निघाल्याचा. कधी तो रिकामाही येतो, त्यामुळे तो आहेच असं धरून कोड लिहिला तर ॲप पडतं.

वरच्या पट्टीत आपण साइटचं नाव आणि कुलूप दाखवतो. माणूस त्या नावावर विश्वास ठेवून कार्डाचा क्रमांक टाकतो. पडद्यावर एका साइटचं पान आणि पट्टीत दुसऱ्या साइटचं नाव, असं क्षणभरही चालणार नाही. यावर बराच वेळ बोललो आणि एक सरळ नियम ठरला. पुशस्टेटला मूळ साइट बदलता येत नाही. दुसऱ्या डोमेनचा यूआरएल दिला तर ब्राउझर सुरक्षेची चूक देऊन नकार देतो. म्हणजे साइटचं नाव फक्त नवं पान लोड होतानाच बदलू शकतं. तेव्हा पट्टीतलं नाव बदलायचं ते डिड-कमिटवर, इतर कशावरही नाही. साइटच्या आत माणूस कुठल्या टप्प्यावर आहे, एवढ्यापुरता केव्हीओ. दोन निरोप, दोन कामं, आणि त्यांची सरमिसळ करायची नाही.

सहकारीनं आणखी एक टिपलं: नवीन खिडकीची लिंक आयफोनवर दाबली तर काहीच होत नव्हतं. अशा लिंकला लक्ष्य चौकट नसते. ॲपनं नवीन वेबव्ह्यू बनवून दिला नाही तर ती लिंक वाया जाते. अँड्रॉइडवर अनेक खिडक्यांची सोय बंद ठेवली असेल तर तीच लिंक त्याच वेबव्ह्यूत उघडते. आपल्या साइटवर 'परतावा धोरण' अशा लिंकनं उघडतं. आयफोनवर ते कुणालाच वाचता येत नसणार. आजच दुरुस्त केलं.

जाता जाता: आयओएस १६.४पासून ॲपच्या वेबव्ह्यूला सफारीचा इन्स्पेक्टर जोडायचा तर 'इज-इन्स्पेक्टेबल' हाताने चालू करावं लागतं. चाचणीच्या बिल्डमध्ये चालू, ॲप स्टोअरवर जाणाऱ्या बिल्डमध्ये बंद.

१० फेब्रुवारी

सकाळी बैठक. वेब बघणाऱ्या मित्राचा प्रस्ताव असा: "पान सुरू होतानाच एक छोटी स्क्रिप्ट घुसवू. पुशस्टेट, रिप्लेसस्टेट या दोघांना आपला वेढा घालू, प्रत्येक वेळी ॲपला निरोप. दोन्ही फोनांवर एकच कोड." हा मार्ग पुष्कळ ठिकाणी वापरला जातो, आणि तांत्रिकदृष्ट्या चालतोही. वेढा घालावा लागतो, कारण पुशस्टेट केल्यावर 'पॉपस्टेट' ही घटना येत नाही. ती मागे-पुढे जाताना येते. नवा नेव्हिगेशन एपीआय हे नीट सोडवतो, क्रोमियममध्ये तो २०२२मधल्या १०२व्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्या वाचकांकडे जुने आयफोन बरेच आहेत आणि तिथे त्याच्यावर विसंबता येत नाही.

मी या प्रस्तावाला नाही म्हटलं, आणि का ते इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न पुन्हा निघणार.

ही स्क्रिप्ट कुठे कुठे चालेल? तोच वेबव्ह्यू पुढे गेटवेवर जातो, बँकेच्या पानावर जातो. तिथे माणूस कार्डाचा क्रमांक, सीव्हीव्ही, ओटीपी टाकतो. आपली स्क्रिप्ट आज निरुपद्रवी असेल, पण बँकेच्या पानात ॲपनं स्वतःचा कोड चालवायचा, ही सवयच नको. वाचकानं पुस्तकासाठी आपल्यावर विश्वास टाकला आहे, बँकेच्या पासवर्डासाठी नाही. लॉगिनच्या बाबतीत हाच वाद होऊन गेला आहे. ॲपमधल्या वेबव्ह्यूतून येणारं लॉगिन गूगलनं २०१७मध्ये बंद केलं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या शिफारशींच्या दस्तऐवजानं नेटिव्ह ॲपनी लॉगिनसाठी आतला वेबव्ह्यू वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. कारण तेच: ज्याचा वेबव्ह्यू, त्याला आतलं सगळं वाचता येतं.

त्यात तांत्रिक खाचाही आहेत. आयओएस १४पासून स्क्रिप्ट वेगळ्या 'कंटेंट वर्ल्ड'मध्ये, म्हणजे पानाच्या कोडपासून अलग जागेत, चालवता येते. सुरक्षेला ते चांगलं, पण त्या वेगळ्या जगात पुशस्टेटला घातलेला वेढा पानाच्या स्वतःच्या जावास्क्रिप्टला लागूच होत नाही. म्हणजे वेढा घालायचा तर पानाच्याच जगात उतरावं लागतं. अँड्रॉइडवर पानाला ॲपशी बोलू देणारा जुन्या पद्धतीचा 'ॲड-जावास्क्रिप्ट-इंटरफेस' लावला, तर तो वेबव्ह्यूतल्या प्रत्येक चौकटीला दिसतो, गेटवेच्या आयफ्रेमलाही.

ठरलं ते असं. स्क्रिप्ट घुसवायची नाही. अँड्रॉइडवर डू-अपडेट-व्हिजिटेड-हिस्टरी, आयफोनवर केव्हीओ आणि डिड-कमिट. वेबसाइट आपलीच असल्यामुळे ऑर्डर झाल्यावर पानानं स्वतः ॲपला हाक मारायची तेवढी सोय ठेवू, पण ती फक्त आपल्या डोमेनपुरती. अँड्रॉइडएक्सच्या वेबकिट लायब्ररीतला 'ॲड-वेब-मेसेज-लिसनर' कुठल्या मूळ साइटना बोलू द्यायचं याची यादी मागतो, ते इथे नेमकं कामी येतं. जुन्या वेबव्ह्यूत ही सोय नसेल, म्हणून आधी विचारून मगच लावायची. आयफोनवर आलेला निरोप कुठल्या मूळ साइटचा आणि मुख्य चौकटीतलाच का, हे हँडलरमध्ये, म्हणजे निरोप घेणाऱ्या कोडमध्ये, तपासायचं. त्या हँडलरला वेबव्ह्यू घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे मधे एक कमकुवत संदर्भाचा दुवा घातला, नाहीतर पडदा बंद केला तरी मेमरी सुटत नाही.

मित्राला पटलं. तो म्हणाला, "मग माझ्या बाजूचा निरोप मी आजच लावतो."

१२ फेब्रुवारी

यूआरएल कळतो. आता तो वाचायचा कसा?

आत्ताचा कोड यूआरएलच्या मजकुरात 'ऑर्डर-पूर्ण'चं पान ओळखणारा शब्द कुठेही आहे का, एवढंच बघतो. आज लॉग वाचताना ताठ बसलो. गेटवेवर जाताना आपण त्याला सांगतो, की काम झाल्यावर या पत्त्यावर परत पाठव. तो परतीचा यूआरएल गेटवेच्या यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढे जसाच्या तसा बसलेला असतो. तिरप्या रेघा टक्क्याच्या खुणांत बदलतात, पण शब्द तसाच राहतो. म्हणजे माणूस गेटवेच्या दारात पोचतो न पोचतो, अजून एक रुपयाही भरलेला नाही, आणि ॲप म्हणतं ऑर्डर पूर्ण. आजवर हे उघड झालं नाही, कारण गेटवे त्या यूआरएलवरून लगेच पुढे ढकलतो. एखाद्या मंद नेटवर्कवर ते पान पूर्ण लोड झालं असतं तर बास्केट पैसे न भरताच रिकामी झाली असती. नवीन कॉलबॅक तर जास्तच चटकन वाजतात.

मजकूर शोधणं बंद. यूआरएलचे तुकडे पाडायचे: स्कीम (यूआरएलची सुरुवात) एचटीटीपीएसच हवी, होस्ट (साइटचं नाव) अक्षर न् अक्षर तोच हवा, आणि मग पाथचे (त्यापुढच्या मजकुराचे) भाग एकेक करून जुळवायचे. होस्ट 'ने संपतो का' असंही बघायचं नाही. आपल्या नावानं संपणारं दुसरं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतं.

१३ फेब्रुवारी

आज खास आपल्या भाषेतली अडचण.

वेबव्ह्यूत ऑर्डरच्या पानाखाली 'हेही वाचा' म्हणून पुस्तकं येतात. त्यातलं एखादं दाबलं की वेबचं पान न उघडता ॲपचं पुस्तकाचं पान उघडायला हवं. पुस्तकाच्या यूआरएलमध्ये शीर्षक देवनागरीतच आहे. दुकानानं ते हौसेनं ठेवलं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण तारेवरून जाताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइटांचं होतं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याची खूण धरून ३ अक्षरांची. 'पुस्तक' या शब्दात मात्रा आणि हलन्त धरून ६ चिन्हं आहेत, त्यांची ५४ अक्षरं होतात. एका बाजूला उलगडलेला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला टक्क्यांची माळ, अशी तुलना कधीच जुळत नाही. दोन्ही बाजू उलगडून घेतल्या. इथवर नेहमीचंच.

तरी काही पुस्तकं अँड्रॉइडवर जुळेनात आणि आयफोनवर जुळत होती. तीच पुस्तकं, तोच सर्व्हर. जुळत नव्हती त्यांची यादी काढली: 'ताऱ्यांची', 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांचे'. सगळीकडे ऱ.

युनिकोडमध्ये ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं. दिसायला फरक नाही. स्विफ्ट दोन मजकुरांची तुलना करताना अशी समतुल्य रूपं एकच मानते. कोटलिन कोड-युनिट मोजून बघते, म्हणून तिला ती वेगळी. कोटलिनच्या बाजूला तुलनेआधी दोन्ही मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणले. बरीच पुस्तकं जुळली.

सगळी नाही. उरलेली आयफोनवरही अडत होती. तिथे तिसरी तऱ्हा निघाली: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचं जोडचिन्ह. जुन्या टंकलेखनातून आलेल्या मराठी मजकुरात ऱ्य असाच लिहिलेला सर्रास सापडतो, आणि पडद्यावर तो हुबेहूब तसाच दिसतो. ही रूपं युनिकोडच्या लेखी समतुल्य नाहीत, त्यामुळे एनएफसी तिथे काही करत नाही आणि स्विफ्टही नाही.

ते रूप बदलणारा एक नियम लिहिता आला असता. पण असे नियम वाढत जातात. दुकानाच्या संपादकांशी बोललो. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक आहेच, तो यूआरएलमध्ये शीर्षकाच्या आधी घालायचा. ॲप क्रमांक वाचेल, शीर्षक वाचणाऱ्या माणसासाठी राहील. देवनागरी काढून टाकून इंग्रजी शीर्षकं करू या, असाही एक सूर निघाला होता. त्याला मी ठाम विरोध केला. वाचकानं लिंक पाठवली तर समोरच्याला ती वाचता यायला हवी.

१७ फेब्रुवारी

यूपीआय. ही लिंक 'यूपीआय' स्कीमनं सुरू होते आणि पुढे कुणाला, कोणत्या नावानं, किती, कोणत्या चलनात हे येतं. वेबव्ह्यूला ही स्कीम कळत नाही. त्याच्यावर सोडलं तर 'अननोन यूआरएल स्कीम'चं रखरखीत पान दिसतं, आणि पैसे भरायच्या ऐन वेळी ते पान पाहून कुणाचाही जीव धसकेल.

इथे मात्र शुड-ओव्हरराइडची खरी गरज आहे. स्कीम यूपीआय असेल तर सिस्टिमकडे द्यायची, ती फोनवरची यूपीआय ॲपं दाखवते. एकही नसेल तर चूक पकडून साध्या मराठीत सांगायचं. आयफोनवर एकाच स्कीमवर अनेक ॲपनी हक्क सांगितला तर कुठलं उघडेल याची ॲपलनं हमी दिलेली नाही, म्हणून तिथे आधी वाचकालाच ॲप निवडू देणं बरं.

'इंटेंट' म्हणजे अँड्रॉइडमध्ये दुसरा पडदा किंवा ॲप उघडण्याची विनंती. त्या स्कीमच्या लिंका जपून हाताळाव्या लागतात. पानानं दिलेला इंटेंट तसाच चालवला तर पान ॲपचे आतले, बाहेरच्यांसाठी नसलेले पडदेही उघडू शकतं. उलगडल्यावर 'ब्राउझेबल' वर्ग लावायचा, कंपोनंट आणि सिलेक्टर पुसायचे, मगच पुढे. ही ओळ कुणी 'चालतंय की' म्हणून काढू नये, म्हणून तिच्यावर चाचणी लिहून ठेवली.

१८ फेब्रुवारी

कमी रॅमचा फोन घेऊन बसलो. यूपीआय ॲप उघडलं, पिन टाकला, परत आलो. आपलं ॲप मधल्या काळात अँड्रॉइडनं मारून टाकलेलं. पुन्हा सुरू झालं ते पहिल्या पडद्यापासून, वेबव्ह्यू कोरा. खात्यातून पैसे गेलेले, आणि 'ऑर्डर पूर्ण'चं पान कुठल्याच कॉलबॅकनं कधीच कळवलं नाही, कारण ते पान उघडलंच नाही.

म्हणून या प्रकल्पातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय आज झाला. यूआरएल बदलला हा इशारा आहे, पुरावा नाही. ॲपनं तो पाहून पट्टी बदलावी, चक्र फिरवावं, बटण लपवावं. पण पैसे आले की नाही, ऑर्डर लागली की नाही, हे फक्त सर्व्हर सांगेल. गेटवे आपल्या सर्व्हरला वेबहुकनं, म्हणजे सर्व्हरनं सर्व्हरला दिलेल्या निरोपानं, परस्पर कळवतो, त्यावर सही असते, ती सर्व्हर तपासतो. ॲप चेकआउट सुरू करतानाच ऑर्डरचा क्रमांक फोनवर लिहून ठेवेल. 'ऑर्डर पूर्ण'चा यूआरएल दिसला, पानानं हाक मारली, किंवा ॲप नव्यानं सुरू झालं, तिन्ही वेळा एकच काम: त्या क्रमांकाची स्थिती सर्व्हरला विचार. होकार आला तरच बास्केट रिकामी. उत्तर अजून यायचं असेल तर 'पैसे पोचल्याची खात्री करत आहोत, पुन्हा भरू नका' असं ठळक लिहायचं. हे वाक्य ताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "'पुन्हा भरू नका' हे आधी लिहा, लोक पुढचं वाचत नाहीत." आधी लिहिलं.

२० फेब्रुवारी

मागे जायचं बटण. नव्या अँड्रॉइडमध्ये बोट सरकवतानाच मागचा पडदा डोकावतो, त्यामुळे 'मागे' ॲप हाताळणार की सिस्टिम, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. डू-अपडेट-व्हिजिटेड-हिस्टरी आलं की 'कॅन-गो-बॅक' विचारून तो झेंडा लावायचा. पुशस्टेटनंही इतिहास वाढतो, म्हणून हे फक्त पान लोड झाल्यावर केलं तर माणूस घरच्या पत्त्याच्या पानावरून थेट ॲपबाहेर पडतो. आयफोनवर 'कॅन-गो-बॅक'लाही केव्हीओ आहे. पैसे भरण्याच्या टप्प्यात 'मागे' दाबलं तर आधी विचारायचं.

मग लॉगची सफाई. चाचणीसाठी लावलेले पूर्ण यूआरएल सगळे काढले. त्यांत ऑर्डर क्रमांक, कधी फोन नंबर, कधी गेटवेचं टोकन असतं, आणि ते क्रॅशच्या अहवालाबरोबर तिसऱ्याच सर्व्हरवर जातं. आता लॉगमध्ये फक्त होस्ट आणि टप्प्याचं नाव: 'घरचा पत्ता', 'पेमेंट', 'बाहेरची साइट', 'पूर्ण'. दोष शोधायला एवढं पुरतं.

२४ फेब्रुवारी

बिल्ड दोन्ही स्टोअरवर. २७ला मराठी भाषा गौरव दिन, दुकानाची मोठी सवलत त्या दिवशी असते, म्हणून त्याआधी थोड्या लोकांपर्यंत पोचवून बघतोय.

दुसऱ्या एका गटानं विचारलं, त्यांचं ॲप फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून दोन्ही फोनांची ॲपं बनवण्याच्या साधनात) आहे. त्यांना सांगितलं: 'वेबव्ह्यू-फ्लटर'च्या नेव्हिगेशन डेलिगेटमध्ये 'ऑन-यूआरएल-चेंज' आहे, तेच वापरा. त्याच्या पोटात हेच दोन दरवाजे आहेत, अँड्रॉइडचा व्हिजिटेड-हिस्टरी आणि आयओएसचा केव्हीओ. म्हणून आयफोनवर यूआरएल निघाल्याचा येतो आणि कधी रिकामा येतो, हे तिथेही लागू.

२८ फेब्रुवारी

काल सवलतीचा दिवस पार पडला. सकाळी ताईंना फोन केला. कॅश ऑन डिलिव्हरीची दुबार ऑर्डर नव्या आवृत्तीवरून एकही नाही. जुन्या आवृत्तीवाल्यांच्या आल्या आहेत. त्यांच्यासाठी सर्व्हरवरच एक तपासणी घातली: त्याच घरी तीच पुस्तकं त्याच दिवशी पुन्हा मागवली, तर 'ही ऑर्डर आधी लागली आहे, आणखी एक हवी का?' असं पान विचारेल.

बाकी आहे ते: ॲड-वेब-मेसेज-लिसनर नसलेल्या वेबव्ह्यूवरची चाचणी, आणि परतावा धोरणाचं पान आयपॅडवर बघणं. दोन्ही पुढच्या आठवड्यात.